केसभर जाड

पंच वाकला तेव्हा धाकट्याला वाटलं, चूक आपलीच असणार. त्याने हातोडी खाली ठेवली आणि वाकलेला पंच खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. पिन ठोकून काढायची ती उदबत्तीच्या काडीएवढी पोलादी सळई मधोमध मान टाकून बसली होती. त्याच्या हातून कानशी झिजल्या होत्या, हातोडीचे दांडे बदलले होते, पण पंच कधी वाकला नव्हता. पंच वाकतो तो नवशिक्याचा, ज्याला घाई असते किंवा राग आलेला असतो. धाकट्याला घाई नव्हती. राग आला होता की नाही हे त्याला नक्की सांगता आलं नसतं, पण आला असेल तर तो त्या शिकंज्यात धरलेल्या जुन्या रायफलीमुळे, एवढं त्याला ठाऊक होतं. पिन ती केवढी! आगकाडीएवढी जाड, बोटाच्या पेराएवढी लांब. चापाला जागेवर धरून ठेवते एवढंच तिचं काम. ती निघाली की चाप सुटतो, चाप सुटला की आतलं बाकीचं यंत्र आपोआप हातात येतं. ती निघाली नाही तर माणसाने हात टेकावेत. त्याचं वय आता असं होतं की मुलगी कॉलेजात जात होती आणि डोक्यावरचे केस मोजायची वेळ आली होती, पण बाजारात अजून सगळे त्याला धाकटाच म्हणत, आणि दुकानाच्या पाटीवर अजून ‘मास्तर आणि मुलगे’ असंच होतं. मुलगे म्हणजे आता तो एकटा.

रायफल त्याने चादरीतून बाहेर यायच्या आधीच ओळखली होती. आदल्या दिवशी दुपारी ती डॉक्टरीण बाई दुकानात आली, मूल उचलून आणावं तशी दोन्ही हातांवर ते गाठोडं घेऊन, आणि चादरीतून दस्त्याचा कोपरा दिसला. अक्रोडाचं लाकूड, त्यात ती काळी गाठ. गावातल्या नेमबाजांच्या अख्ख्या क्लबात तसा दस्ता एकच होता.

“वडील गेले आमचे,” ती म्हणाली. “आईला ही भिंतीवर हवीय, त्यांची आठवण म्हणून. पण मला ती चालू नकोय. आतलं सगळं काढून टाका. नुसतं लाकूड आणि लोखंड राहू दे.”

“होईल,” धाकटा म्हणाला.

“हिनेच त्यांचा पाय अधू केला. तुम्हाला माहीत असेलच.”

धाकट्याने मान हलवली. माहीत नसायला काय झालं! काचेजवळच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते. त्यांना बाहेरचे मास्तर म्हणत आणि घरचे अण्णा. अण्णांना हल्ली कमी ऐकू यायचं, निदान सगळे तसं धरून चालायचे. बाई गेल्यावर त्यांनी मान वळवून त्या गाठोड्याकडे पाहिलं, मग पुन्हा काचेबाहेर पाहायला लागले. बाहेर समोरच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस पाटी पुसत होता. अण्णा त्याच्याकडे असे बघत राहिले की जणू त्या पाटीवर काहीतरी नवीन लिहून आलं आहे.

आणि आज सकाळपासून ही पिन. आधी त्याने नळी रिकामी आहे ना ते पाहिलं, बोट घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं. हे अण्णांनी लावलेलं वळण. मग दस्ता उतरवला, शिकंज्याच्या जबड्यांना चामडं लावलं, खाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा ठेवला, आणि डावीकडून ठोकायला सुरुवात केली. डावीकडून, कारण जगात सगळे कारागीर पिना उजवीकडून आत घालतात आणि डावीकडून ठोकून बाहेर काढतात. कायदा नाही, पण कायद्याहून पक्कं आहे. पहिल्या काही ठोक्यांत पिन केसभर सरकल्यासारखी वाटली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग ती जी थांबली ती थांबलीच. तेल सोडून झालं. चहा पिऊन येऊन पाहिलं. डाख द्यायच्या लोखंडाचं तापतं टोक लावून लोखंड ऊन केलं, पुन्हा तेल सोडलं, ते चुर्र करून उडालं आणि दुकानभर तो जळका गोड वास पसरला. पिन ढिम्म. कोण हा कारागीर, त्याच्या मनात आलं, कुठल्या दुकानातला, ज्याने ही पिन नंतर बसवली? नंतरच बसवली असणार. पहिली तर निसटून पडली होती, आणि म्हणून तर सगळं झालं. त्या अनोळखी माणसाबद्दल त्याला चीड आली आणि खरं सांगायचं तर थोडा आदरही वाटला. बसवावी तर अशी, तो मनाशी म्हणाला, आणि लगेच त्याला थोरल्या भावाची आठवण येऊन लाजल्यासारखं झालं. थोरल्याची पिन आठवडाभर टिकली नव्हती. ह्या कुणा परक्याची मात्र जन्माची बसली होती.

थोरला डावखुरा. शाळेत त्याच्या डाव्या हातावर पट्ट्या बसल्या, आईने चमचा उजव्या हातात देऊन पाहिला, पण तो हात काही ऐकेना. दुकानात अण्णांनी मात्र त्याला कधी टोकलं नाही. एके दिवशी त्यांनी दुसरा शिकंजा उलट्या बाजूला लावला, चार बोल्ट नव्याने मारले आणि म्हणाले, “हात बदलणार नाही, तर टेबल बदलू.” मग बापलेक एकाच टेबलाच्या दोन तोंडांना उभे राहून काम करत, एकाच्या रायफलीची नळी दाराकडे, दुसऱ्याची भिंतीकडे. धाकटा तेव्हा नुकता दुकानात यायला लागला होता. झाडू मारायचा, चिंध्या धुवायचा आणि त्या दोघांकडे बघत उभा राहायचा. थोरल्याचा हात त्याला अजून डोळे मिटले की दिसायचा. मोठा, थोडा मांसल, पण कानस धरली की नुसता तोल. अण्णा पिना बाजारातून आणत नसत. स्वतः तारेतून कापायच्या, घासायच्या आणि शेपटाकडचं, म्हणजे शेवटी आत जाणारं टोक केसभर जाड ठेवायचं, म्हणजे आत गेल्यावर ते टोक भोकाच्या तोंडाशी घट्ट धरून बसतं. डोळ्यांना दिसत नाही, मापायला गेलं तर माप लाजतं, नुसतं अंगठा आणि तर्जनीत फिरवून कळायचं. धाकट्याला ते कळायला कितीतरी वर्षं लागली. थोरल्याला पहिल्याच दिवशी कळलं. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आईला म्हणाले, “दुकानाची काळजी मिटली.” धाकट्याने ते ऐकलं होतं. त्याला वाईटही वाटलं नव्हतं. थोरला असेपर्यंत आपल्याला काळजी नाही, असंच उलट वाटलं होतं.

मग ती रायफल आली. वकीलसाहेबांची. वकीलसाहेब क्लबाचे अध्यक्ष, म्हणजे क्लबातल्या सगळ्या बंदुका, त्यांची देखभाल, सभासदांचे परवाने, एवढंच काय क्लबाच्या दाराचं कुलूपसुद्धा त्यांच्या शब्दावर उघडायचं. चाप सैल झाला होता. थोरल्याने नवी पिन करून बसवली, दोन्ही टोकं घासून सपाट केली, वर काळा रंग चढवला. बोट फिरवलं तरी पिन कुठे आहे ते कळू नये इतकी साफ. आठवडाभराने क्लबाच्या व्हरांड्यात, चार मित्रांसमोर, वकीलसाहेबांच्या हातात रायफल उडाली आणि गोळी त्यांच्या पावलातून गेली. अण्णा त्यांना बघायला घरी गेले. परत आले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, समोरचा चष्मेवाला होता, धाकटा होता. अण्णांनी टोपी काढली, खुंटीला लावली आणि थोरल्याकडे न बघता म्हणाले, “पिन निसटली होती. तुझं काम.” एवढंच. थोरला काही तोंडातून काढेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने फक्त आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग अंगातला कामाचा डगला काढून घडी घातली. घडी चांगली पडली नाही म्हणून पुन्हा उलगडून घातली. आणि तो गेला.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला शेवट असतो. थोरला दुसऱ्या गावी गेला, गोदामावर पहारेकरी झाला. तिथे बंदूक घेऊन उभं राहणाऱ्याला मान जास्त. ह्याने काठी मागून घेतली. लग्न केलं, संसार केला. आई गेली तेव्हा आला, सगळं उरकेपर्यंत होता, पण दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला नाही आणि अण्णांशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. धाकटा मधूनमधून त्याच्याकडे जायचा. एकदा गेला तेव्हा खिडकीचं एक दार बिजागरीतून लोंबत होतं आणि वहिनी सुतार कधी येतोय म्हणून वाट बघत होती. “सुतार कशाला? दादा, स्क्रू-ड्रायव्हर दे, नाहीतर तूच घे,” असं म्हणून धाकट्याने पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यापुढे धरला. थोरल्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. शाळेत पट्टी खायच्या आधी मुलं नेतात तसे. “नको,” तो म्हणाला. “माझं टिकत नाही.” वहिनी हसत म्हणाली, “ह्यांना साधा दिवासुद्धा बदलायला नको. लग्नात मला वाटलं होतं, कारागीर मिळाला!” थोरलाही हसला. धाकटा हसला नाही. त्या दिवशी परतताना बसमध्ये त्याला रडू आलं होतं आणि शेजारचा माणूस उगीचच खिडकी उघडून द्यायला लागला होता.

धाकट्याने नवा पंच काढला. हातोडी बदलली, पितळेची सोडून जरा जड घेतली. त्याने पंच पिनेवर टेकवला आणि मारला. आवाज आला तो भरीव, मुका. निघणाऱ्या पिनेचा आवाज पोकळ असतो. आणखी एक मारला. त्याला वाटलं, आता दुसरा पंचही वाकणार, मग पिनेचं डोकं चेपून पसरणार, मग ड्रिल मारून ती खाऊन काढावी लागेल, आणि ड्रिल मारणं म्हणजे हरल्याचं कबूल करणं. त्याने तिसऱ्यांदा हातोडी उचलली.

“त्या बाजूने नाही निघायची ती.”

अण्णा बोलले होते. काचेबाहेरून नजर न काढता, मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे.

“काय?”

“उलटी धर. दुसरीकडून ठोक.”

वडिलांचं ऐकायची धाकट्याच्या हातांना इतकी सवय होती की मनाने काही विचार करायच्या आत हातांनी शिकंजा सोडला होता. त्याने रायफल फिरवली, नळी भिंतीकडे केली, ठोकळा सरकवला, आणि हलकी पितळी हातोडी पुन्हा उचलली. एक टिचकी मारावी तेवढा ठोका. पोकळ आवाज आला. पिन सरकली. दुसऱ्या ठोक्याला ती खाली ठोकळ्याच्या भोकात पडली आणि तिथे लहानसा, अगदी घरगुती आवाज झाला, कपाटातून सुई पडावी तसा. चाप सैल होऊन लोंबला. काम झालं होतं. सकाळपासूनचं काम एवढंच होतं.

त्याने पिन उचलून अंगठा आणि तर्जनीत फिरवली. एका टोकाला ती केसभर जाड होती.

आता मात्र त्याच्या मनाला हातांच्या मागून धावत यावं लागलं. केसभर जाड टोक म्हणजे पिन ह्या दुकानातली. जगात दुसरं कुणी असं करत नव्हतं. जाड टोक डावीकडे, म्हणजे पिन डावीकडून आत गेलेली, म्हणजे शिकंज्यात नळी भिंतीकडे करून बसवलेली. म्हणजे थोरल्याने. थोरल्याने एकदाच बसवली होती, आणि त्यानंतर ही रायफल पुन्हा ह्या दुकानात आली नव्हती. मग निसटली ती कुठली पिन? मी कोणाला शिव्या देत होतो सकाळपासून? कोणाला मनातल्या मनात म्हणालो, बसवावी तर अशी? आपण जाड टोकावर घाव घालून तिला आणखी आत ठोकत होतो आणि ती तरीही तसूभर ढळत नव्हती. वकीलसाहेब आयुष्यभर लंगडत चालले, क्लबात, लग्नांत, कोर्टाच्या पायऱ्यांवर, आणि प्रत्येक पावलागणिक लोकांनी थोरल्याचं नाव काढलं. पिन जागच्या जागी होती. बोट चापावर होतं. बोट वकीलसाहेबांचं होतं.

आणि अण्णांनी खुर्चीतून, न बघता, बाजू सांगितली होती. एखाद्या पिनेची बाजू कळायची तर ती बसवली कुणी ते माहीत हवं, आणि ती तिथेच आहे हेही माहीत हवं.

तो खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. पिन त्याने तळहातावर धरली होती. अण्णांनी ती पाहिली आणि डोळे दुसरीकडे वळवले.

“तुम्ही पाहिलं होतं,” धाकटा म्हणाला. “त्यांच्या घरी गेलात तेव्हा.”

धाकट्याला वाटलं, ते ऐकूच आलं नाही असं दाखवणार.

“पाहिलं,” ते म्हणाले. “पलंगाशेजारीच ठेवली होती. मी बोट लावून पाहिलं. घट्ट होती.”

“मग?”

“ते म्हणाले, मास्तर, अध्यक्षाचं बोट चुकलं असं क्लबात सांगायचं का? तुम्हीच ठरवा.” अण्णांनी ओठ ओले केले. “दुकान एकच होतं. मुलगे दोन होते.”

धाकट्याला एकदम जाणवलं की ह्या हिशेबात तो उरलेला मुलगा होता. ज्याच्यावर दुकान चाललं, ज्याचं लग्न दुकानावरच्या माडीवर झालं, ज्याची मुलगी ह्या काचेला नाक लावून मोठी झाली. त्याने काही केलं नव्हतं, पण जे काही त्याच्याजवळ होतं ते सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि ते वाक्य खोटं होतं. त्याला वडिलांचा कधी नव्हे इतका राग आला. आणि त्याच वेळी दिसलं की खुर्चीतल्या माणसाच्या सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं आहे. पाहून त्याला गलबलून आलं, आणि गलबलून आलं म्हणून आणखी राग आला.

“त्याला वाटतं, त्याचा हातच वाईट आहे,” तो म्हणाला. “अण्णा, तो घरातला दिवा बदलत नाही. खरं मानून बसलाय तो! तुम्ही म्हणालात म्हणून.”

“मला वाटलं, भांडेल,” अण्णा म्हणाले. “कारागीर होता. आपलं काम त्याला माहीत होतं. भांडला असता तर मी…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “भांडलाच नाही.”

“सांगतो मी त्याला.”

“नको.” अण्णांनी त्याचं मनगट धरलं. बोटांत अजून ताकद होती. “मी गेल्यावर सांग. फार दिवस नाहीत आता. मी गेल्यावर काय सांगायचं ते सांग. त्याच्या डोळ्यांत मला आता बघवणार नाही रे.”

त्यांनी आयुष्यात कधी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. हातोडी दे, कानस आण, दार लाव, एवढंच. समोरच्या चष्मेवाल्याने इकडे पाहून हात केला आणि कुणीच हात केला नाही तेव्हा तो आत गेला. धाकट्याला वाटलं, थांबायला काय हरकत आहे? इतकी वर्षं गेली, आणखी थोडी. थोरला जगतोच आहे, काठी घेऊन गोदामाच्या दाराशी, हसतोसुद्धा. आणि म्हाताऱ्याचं शेवटचं मागणं. ते मोडलं तर ते त्याच्याच उरात सलणार. पण मग त्याला ते दोन हात पाठीमागे जाताना दिसले, ती मान खाली गेलेली, आणि तो ‘माझं टिकत नाही’ म्हणणारा आवाज, ज्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. त्याने अण्णांची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवली. जपून, पण सोडवली. आणि टेबलावरचा फोन उचलला.

पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग थोरल्याचा आवाज. “काय रे, ह्या वेळेला? अण्णा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. दादा, वकीलसाहेबांची रायफल आलीय दुकानात. उघडायला.”

उत्तराची वाट न बघता त्याने पुढे सांगून टाकलं.

“पिन निघत नव्हती. सकाळपासून ठोकतोय. पंच वाकला माझा.”

“कुठली पिन?”

“तुझी.”

“माझी कशी असेल? माझी पडली होती.”

“नाही पडली. डावीकडून आत गेलेली, जाड टोक डावीकडे. तिथेच होती ती, दादा. कधी हललीच नव्हती. मी उलट्या बाजूने मारत होतो.”

कुठेतरी गोदामात ट्रक मागे घेत होते, कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत होतं. थोरल्याचा श्वास ऐकू येत होता. तो रडत असेल असं धाकट्याला वाटलं, पण आवाज आला तो कोरडा, विचित्र, कामाचा. “टोकं सपाट होती? खरवडली नव्हती कुणी?”

“सपाट. बोटाला लागत नव्हती.”

“हं,” थोरला म्हणाला. आणि पुन्हा, जरा वेळाने, “हं.” मग त्याने विचारलं, “अण्णांना माहीत आहे?”

अण्णा खुर्चीतून त्याच्याकडे पाहत होते. आता डोळे वळवत नव्हते.

“आहे,” धाकटा म्हणाला. “तेव्हापासून. ते गेल्यावर सांग म्हणत होते.”

फोन तुटला असं वाटून त्याने तो कानापासून दूर करून पाहिला.

“बरं झालं आत्ता सांगितलंस,” थोरला म्हणाला. आवाज आता फुटला होता, चिरकत होता, आणि तो धाकट्याने ह्याआधी कधी ऐकलेला नव्हता. “मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मला भांडायचंय त्यांच्याशी. पोटभर भांडायचंय. निघतो मी. संध्याकाळच्या आत पोचतो. कुठे जाऊ देऊ नकोस त्यांना.”

“कुठे जाणार आहेत ते!” धाकटा म्हणाला, पण फोन ठेवला गेला होता.

दुकानात तेलाचा वास तसाच होता. अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि पुढे वाकून बसले होते, डॉक्टरसमोर बसतात तसे.

“काय म्हणाला?”

“येतोय.”

“कशाला?”

“भांडायला.”

अण्णांनी मान हलवली, एकदा, दोनदा, हळूहळू, जणू एखादं माप बरोबर लागलं आहे. मग हनुवटी त्यांनी तळहाताने दाबून धरली आणि थोड्या वेळाने, हात न काढता, त्या हातातूनच विचारलं,

“जेवायला थांबेल का, विचारलंस?”